डावीकडून लाल

माझा आवाज गेला तेव्हा आमच्या घरी कोणी रडलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर तर पहिला आठवडा अशी शांती होती की ती मला अजून विसरता येत नाही. मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भातकुली तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवायची. साठ-पासष्टांचा वर्ग, वर टिनाचं छप्पर, शेजारच्या वर्गाशी मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. ओरडून ओरडून घशात गाठी झाल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्या काढल्या आणि बजावलं, दोन महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. मग मी लेकाची जुनी पाटी काढली आणि भांडणं लिहून करायला लागले. पण पाटीवर भांडता येत नाही हो. आपलं लिहून होईस्तोवर समोरचा उठून गेलेला असतो.

पुढे शिकवायचं असेल तर माइक लावूनच, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. कमरेला बांधायचा छोटा स्पीकरचा डबा आणि डोक्यावरून ओठांपाशी येणारा काडीएवढा माइक. भावानं नागपूरहून आणून दिला. मी एसटीत त्याच्यावरच बसले आणि वापरायच्या आधीच त्याची पिन मोडली. पिन म्हणजे वायरीच्या टोकाचा, डब्यात खुपसायचा तो धातूचा तुकडा, करंगळीच्या पेराएवढा. अमरावतीत चार दुकानांत दाखवला. चौघांनीही हातात न घेताच "नवीन घ्या मॅडम" म्हटलं. पाचवा म्हणाला, "परकोटाच्या आत जा, पिनवाल्या चाचाकडे. इतकं बारीक काम दुसरा कोनी करत नाही."

जुन्या शहराच्या परकोटाच्या भिंतीआत, बांगड्यांचं दुकान आणि एक गादीवाला, यांच्या मधली चार हात जागा म्हणजे चाचांचं दुकान. वर पाटी घड्याळ दुरुस्तीची, कारण चाचा मूळचे घडीसाज. लोकांच्या मनगटावरची घड्याळं मोबाइलनं उतरवली, तेव्हा त्यांनी डोळ्याला लावायचं काळं भिंग तेच ठेवलं आणि भिंगाखाली घड्याळाच्या जागी माइकची पिन धरली. साठीचा माणूस, अंगानं काडी, दाढी पांढरी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. टाका मारताना, म्हणजे तापलेल्या सोल्डरचा थेंब तारेवर बसवताना, ते श्वास रोखायचे. आणि समोर बसलेल्यानंही रोखावा अशी त्यांची अपेक्षा असायची. "फुंकरीनं तार हलते," म्हणायचे. एक जाडजूड मंडपवाला एकदा श्वास रोखून लालबुंद झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे रंगांची. वायर सोलली की आतून केसासारख्या तीन तारा निघतात. एक लाल, एक हिरवी, आणि मध्ये एक उघडी, तांब्याची. चाचा त्या तिन्ही पांढऱ्या कागदावर पसरवत, चिमट्यात धरत, आणि मग मालकाला बोलावत. बाकापलीकडे, त्यांच्या शेजारी एक टूल होतं. "इकडं या. माह्या बाजूले बसा." तिथं बसल्यावर म्हणत, "बोला. डावीकडून." मालकानं मोठ्यानं सांगायचं: लाल, उघडी, हिरवी. त्याशिवाय ते टाका मारत नसत. काहून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुमची वस्तू. तिच्या पोटात काय हाय, ते तुमाले माहीत पाहिजे." ऑर्केस्ट्रावाले, कीर्तनकार, पुढाऱ्यांच्या सभांचे लाउडस्पीकरवाले, सगळे त्या टुलावर बसून बालवाडीतल्यासारखे रंग सांगायचे आणि हसत घरी जायचे. चाचाचं डोकं थोडं सटकलं आहे, पण हात सोन्याचा आहे, असं सगळ्यांचं मत होतं.

मी गेले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. एप्रिलचं ऊन, दोन बस बदललेल्या, गळ्याभोवती ओढणी, काखेत पाटी. त्यांनी मोडकी पिन कापली, वायर सोलली, मला टुलावर बसवलं आणि म्हणाले, "बोला बाई. डावीकडून."

मी गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली.

"मंग पाटीवर लिहा. कोनत्या रंगाची कोनती."

आता लिहायला काय हरकत होती? काही नाही. पण महिनाभर प्रत्येक गोष्ट लिहून लिहून माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. दुधवाल्याला लिहायचं, नवऱ्याला लिहायचं, सासूला तर दोनदा लिहायचं. त्यात हा माणूस, तारा स्वतःच्या नाकापुढे धरून, मुक्या बाईला रंग विचारतो. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मी पेन्सिल कर्रकर्र ओढत लिहिलं, "तीन तारा तुमच्या नाकासमोर आहेत. लाल-हिरवं तुम्हाला दिसत नाही का?" आणि पाटी त्यांच्या भिंगापुढे धरली.

त्यांनी वाचलं. भिंग काढून बाकावर ठेवलं. शेजारी गादीवाल्याचं पिंजणं चालू होतं.

"नाही दिसत," ते म्हणाले. "तार दिसते. तारेवरचा मळ दिसते. पन लाल कोनती अन् हिरवी कोनती, ते दहा वर्सं झाले नाही दिसत. टीबी झाली होती. गोळ्या खाल्ल्या. टीबी गेली, जाता जाता रंग घेऊन गेली. डॉक्टर म्हने, असं होते कोनाकोनाले."

मी पाटी खाली घेतली.

"घरवालीले माहीत होतं. ते गेली. आता तुमाले माहीत. तुमी बोलत नाही म्हनून सांगून राहिलो. हे गल्लीत कळलं तं माह्याकडे कोनी बारीक काम देनार नाही बाई. अन् मले दुसरं काई येत नाही."

मी पाटी पुसली. लिहिलं, "लाल, उघडी, हिरवी." खाली लिहिलं, "कोणाला सांगणार नाही." ते वाचून हसले. "सांगान कशा?" म्हणाले, आणि भिंग लावून कामाला लागले. मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की घरी येऊन मी नवऱ्याशी दोन दिवस पाटीवरसुद्धा भांडले नाही.

जूनमध्ये आवाज आला, पण तो माझा नव्हता. घशात भुसा भरल्यासारखा, चार हातांपलीकडे न जाणारा. माइक लावला की मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. माझी पिन पदरात अडकून दर दोन-तीन महिन्यांनी तुटायची, आणि मी रविवारी चाचांकडे जायची. तीन-साडेतीन वर्षं मी अशी जात राहिले. पुढे पुढे पिन शाबूत असली तरी जायची.

दुरुस्तीला आलेल्या वस्तूला ते आधी एकच गोष्ट विचारायचे, म्हणजे मालकाला, की कशी तुटली. आणि मालकानं सांगितलेलं त्यांना पटायचं नाही. भिंगातून तुटलेलं टोक पाहून स्वतःच सांगायचे: हे पायाखाली आलं, हे पिळलं गेलं, हे उंदरानं खाल्लं. मला म्हणाले होते, "तुमी ह्याच्यावर बसल्या," तेव्हा मी पाटीवर साफ खोटं लिहिलं होतं. नवीन पिन बसवताना सगळे एक चूक करतात, टाका मारून झाल्यावर आठवतं की वरची नळी वायरीत ओवायची राहिली. मग टाका तोडून पुन्हा पहिल्यापासून. चाचा म्हणायचे, "आधी टोपी, मंग डोकं." टाका झाला की आत दोऱ्याची एक गाठ मारायचे, बारीक, चिकट गोंदाच्या थेंबात बुडवून. ओढ दोऱ्यानं सोसली पाहिजे, टाक्यानं नाही, असं त्यांचं मत. आमच्या शाळेच्या संस्थाचालकांना कोणी हे सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा फार वाटायचं.

चाचणी घेताना मात्र कोणी "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. ते कानाला हेडफोन लावायचे आणि विचारायचे, "आज काय खाल्लं?" माणूस म्हणायचा, काही नाही, चून-भाकर. "हां, असं बोला. हे तुमचं खरं बोलनं. हॅलोमंदी समदे एकसारखेच असतात."

ती वर्षं आमच्याकडची वाईट होती. कापसाचं काय झालं ते सगळ्या देशानं छापून काढलं आहे, मी काय वेगळं सांगू. चाचांच्या बाकावर ते वेगळ्या रीतीनं दिसायचं. पूर्वी लग्नसराईत ऑर्केस्ट्राचे माइक ढिगानं यायचे, गायकांचे, ढोलकीवाल्यांचे. ते येईनासे झाले. बडनेऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं तर माइक दुरुस्त करून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी विकून टाकले. त्यांच्या जागी यायला लागले कॉलरला लावायचे बारके माइक, टीव्हीवाल्यांचे. मुंबईहून, दिल्लीहून गाड्या यायच्या, गावोगाव फिरायच्या, आणि त्यांचे माइक आमच्या धुळीत नि घाईत तुटायचे. चाचा म्हणाले, "बाई, गान्याचे माइक गेले. आता पुसन्याचेच माइक येऊन राहिले." पुसणं म्हणजे आमच्याकडे विचारणं.

अशाच एका टीव्हीवाल्याचा प्रसंग मला आठवतो. तिशीतला मुलगा, चांगल्या घरचा, मराठी बोलणारा. चाचांनी त्याच्या माइकचं टोक भिंगातून पाहिलं. "हे ओढून तुटलं. कोनाच्या अंगावरून ओढलं?"

तो आधी काही नाही, काही नाही म्हणाला. मग टुलावर बसल्या बसल्या सांगायला लागला. परतवाड्याच्या पुढच्या एका गावी त्यानं एका बाईची मुलाखत घेतली. नवरा जाऊन तिला तेरा दिवसही झाले नव्हते. तो विचारत गेला, ती सांगत गेली. मध्येच ती उठली आणि घरात चालायला लागली. पदराला माइक लावलेला तसाच.

"मंग तुमी काय केलं?"

"मी वायर धरून ठेवली," तो म्हणाला.

चाचांनी रंग विचारले, त्यानं सांगितले. पण वायर जोडताना त्यांनी आपल्या डब्यातून दोन हात जादा वायर घेऊन मध्ये जोडली. जोडाच्या वर नळी बसवली, दोरा बांधला. देताना म्हणाले, "आता लांब केली. कोनी उठून गेलं तं जाऊ द्याचं." त्या मुलानं मान खाली घालून माइक घेतला. मी त्या दिवशी घरी येताना बसमध्ये रडले. का रडले ते अजूनही नीट सांगता येत नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आमच्या शाळेत टीव्हीची माणसं आली. गावातली मुलं शाळा सोडून जातात त्यावर काही दाखवायचं होतं. आल्या आल्या त्यांच्या साउंडवाल्याच्या माइकची पिन उपटली. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले, आणि मीही मोठ्या फुशारकीनं म्हटलं, चला, मी नेते, एक माणूस आहे अमरावतीत. मला अभिमान होता ना, की असा कारागीर माझ्या ओळखीचा आहे.

परकोटाच्या तोंडाशी गाडी थांबली. मी शेजारच्या दुकानात घरच्यांसाठी काही घेत होते, आणि साउंडवाला एकटाच पुढे गेला. हिंदी बोलणारा, उमदा, पण सतत फोनवर. मी पोचले तेव्हा माइक तयार होता, आणि चाचणीसाठी थांबायलाही साउंडवाल्याला वेळ नव्हता. शाळेत येऊन त्यानं तो जोडला, आणि माइक मेला. आवाज नाही, खरखर नाही, काहीच नाही. त्यांनी मग हातातल्या मोठ्या माइकवर काम भागवलं, पण साउंडवाल्याचा जीव वर-खाली होत होता, कारण तो माइक वाहिनीचा होता आणि महाग होता. काम संपल्यावर म्हणाला, चला परत, त्या म्हाताऱ्याला विचारतो.

जीपच्या आवाजात बोलता यावं म्हणून मी माझा माइक लावला होता. कमरेचा डबा चालू होता. उतरताना तो बंद करायचा राहिला.

साउंडवाला दुकानापुढे उभा राहून तोंडाला येईल ते बोलू लागला. नया माइक था, जला दिया, काम नहीं आता तो दुकान क्यों खोला. चाचांनी माइक हातात घेतला, पिन उघडली, भिंगातून पाहिलं. "टाके तं बरोबर हायत," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुन्हा पुन्हा त्या तीन तारांकडे पाहत होते आणि मला कळत होतं की ते काय शोधताहेत आणि त्यांना ते का सापडत नाही.

मी बाकापलीकडे, टुलाच्या बाजूनं गेले. पाहिलं. पिनेत डावीकडे लाल हवी, तिथं हिरवी होती. लाल तारेत करंट जातो, हिरव्यातून आवाज येतो, हे मला इतक्या रविवारांनंतर पाठ झालं होतं. दोन्ही उलट्या जोडल्या होत्या. करंट आवाजाच्या तारेत गेला आणि माइकची मुंडी जळाली.

"तुम्ही रंग सांगितले तेव्हा कुठे उभे होता?" मी साउंडवाल्याला विचारलं.

"यहीं. सामने."

"टुलावर नाही बसलात?"

"टाइम किसको था? मैंने लेफ्ट से बता दिया, ग्रीन, बीच में कॉपर, फिर रेड."

समोर उभं राहून त्यानं डावीकडून सांगितलं. त्याचं डावं. बाकापलीकडच्या माणसाचं ते उजवं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण तो थांबेना. म्हणे, इतकं साधं काम, लाल-हिरवं तर लहान मुलालाही कळतं, डोळे फुटले आहेत का याचे. आणि मग माझं जे झालं ते माझ्या जन्माचं आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अहो, त्यांना लाल-हिरवं दिसत नाही. म्हणून तर ते रंग विचारतात. तुम्ही समोरून उलटं सांगितलंत, चूक तुमची आहे, त्यांची नाही."

माझ्या गळ्यातून ते निघालं असतं तर चार हातांपलीकडे गेलं नसतं. पण डबा चालू होता. चाचांनीच दहा-बारा वेळा जोडलेली ती पिन उत्तम काम करत होती. माझं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. गादीवाल्याचं पिंजणं थांबलं. बांगड्या भरायला बसलेल्या बायकांनी मागे वळून पाहिलं.

चाचा माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "बाई, डबा बंद करा."

साउंडवाला वाईट नव्हता. "मुझे क्या मालूम था," असं म्हणाला आणि माइक तिथंच ठेवून गाडीत जाऊन बसला. चाचा मला म्हणाले, "चूक माही. त्याले टुलावर बसवाले पाहिजे होतं." मी काही बोलू शकले नाही. आवाज होता, तरी.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले तर दुकानापुढे चार-पाच जण उभे होते. मंडपवाल्याची माणसं, एक ढोलकीवाला, सगळे त्यांच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलेले. त्यातल्या एकानं शेजारच्या दुकानातून दोन बांगड्या आणल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. त्या चाचांपुढे धरून तो विचारत होता, "चाचा, हिरवी कोनती, दाखवा बरं."

चाचांनी भिंग काढलं. दोन्ही बांगड्या हातात घेऊन पाहिल्या आणि परत दिल्या. "दोन्ही काचेच्या हायत," म्हणाले.

लोक हसले. मी पुढे होऊन त्यांना माझ्या भुशाच्या आवाजात शिव्या द्यायला सुरुवात केली. लाज नाही वाटत का, बापाच्या वयाचा माणूस आहे, वगैरे. चाचांनी हात वर केला. "बाई, तुमी आता नका बोलू."

ते "आता" मला इथं, काळजात लागलं. मी तशीच वळून घरी आले.

त्यानंतर लोकांचा खेळच झाला. टुलावर बसायचे आणि मुद्दाम म्हणायचे, जांभळी, गुलाबी, पिवळी. खरंच काम घेऊन आलेले लोकही हसू दाबत रंग सांगायचे, आणि चाचांना कळेना कोण खरं बोलतंय. मग त्यांनी विचारणंच सोडलं. विचारणं सोडलं म्हणजे काम सोडलं. माइक घ्यायचे, आठ दिवस ठेवायचे आणि तसाच परत करायचे, "होत नाही" म्हणून. पावसाळ्याच्या आत दुकान बंद झालं. गादीवाल्यानं सांगितलं, अचलपूरला लेकीकडे गेले.

मी दिवाळीच्या सुट्टीत अचलपूरला गेले. डबा मुद्दाम घरी ठेवला. त्यांच्या लेकीचं घर शोधायला वेळ लागला नाही, जावयाचं परतवाड्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, सगळे ओळखत होते. चाचा अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मला पाहून उठले नाहीत, पण खाटेवर बाजूला सरकले.

"चाचा, माझी चूक झाली," मी म्हटलं. बसमध्ये मोठं काय काय ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"हो," ते म्हणाले.

"मी तुमची बाजू घेऊन बोलले."

"माहीत हाय मले. म्हनून तं जास्त झोंबलं. दुश्मनानं सांगतलं असतं तं लोकायनं मानलं नसतं. तुमी सांगतलं, म्हनून मानलं."

लेकीनं चहा आणला. तो पिता पिता मी विचारलं, "तुम्हाला माझा राग आहे का?" मास्तरणीची सवय, उत्तर ठाऊक असूनही प्रश्न विचारते.

"हाय," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू. राग हाय बाई. पन जाईन हळूहळू. राग गेला का मंग येजा."

मी हो म्हटलं. बसस्टँडवर आल्यावर माझ्या लक्षात आलं, राग गेला हे मला कळणार कसं ते मी विचारलंच नाही. पण परत जाऊन विचारायची हिंमत नव्हती. त्या वेळी मला उलट बरंच वाटलं होतं. कोणीतरी माझ्यावर सरळ रागावलं होतं, क्षमा केल्यासारखं दाखवून मला हाकललं नव्हतं.

मग मी वाट पाहिली. सहा महिने तरी द्यावे, असं मनाशी ठरवलं. मग परीक्षा आल्या. मग शाळेची तपासणी, मग लेकाचं कॉलेज. कारणं काय, शोधली की सापडतात. खरं सांगायचं तर मला भीती होती की मी लवकर गेले आणि राग तसाच असला तर दुसऱ्यांदा तोंड दाखवता येणार नाही. म्हणून मी त्यांच्या रागाला वेळ देत राहिले. माझी पिन तुटली तेव्हा मी नवीन माइक आणला. दीड वर्ष असं गेलं.

ते गेल्याचं मला गादीवाल्यानंच सांगितलं, त्यांना जाऊन तीन आठवडे झाल्यावर. मी दुसऱ्याच दिवशी अचलपूरची बस धरली.

लेकीनं मला ओळखलं. आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. जरा वेळानं म्हणाली, "अब्बा पुसत होते तुमाले."

"काय विचारायचे?"

"मास्तरीन बाई येऊन गेली का. दर हप्त्याले पुसत. मी कामात असली का बाहेर गेली असली तं परत आल्यावर पुसत, मी झोपलो होतो तवा येऊन तं नाही गेली."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "केव्हापासून?"

"तुमी त्या दिवाळीत आल्या होत्या नं? त्याच्या दुसऱ्याच हप्त्यापासून."

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला. "मग निरोप का नाही पाठवला ग? मी धावत आले असते."

"मी म्हनलं होतं, फोन लावते बाईच्या शाळेत. तं म्हने, नोको लावू. शाळा असन तिची."

शाळा होती, हे खरं. पण रविवारीसुद्धा मी गेले नाही.